दोन तासांत साठ कवी बसवून दाखवा

पत्रिकेत छापलेलं असतं, 'नवोदितांचे कविसंमेलन, दुपारी २ ते ४'. यादीत नावं ६०. प्रत्येकी ३ मिनिटं धरली तरी १८० मिनिटं, म्हणजे तीन तास. शिवाय सूत्रसंचालक प्रत्येक नावाआधी स्वतःची चारोळी ठोकणार; अर्धं मिनिट धरा, आणखी अर्धा तास. साडेतीन तासांचा माल दोन तासांच्या पोत्यात! मग एवढी नावं घेता कशाला? तर नोंदणी शुल्क माणशी असतं आणि प्रत्येक कवी घरची दोन माणसं आणून मंडप भरतो.

बरं, ते दोन तरी कुठं वाजतात? उद्घाटन दहाचं, पाहुणे उगवतात साडेअकराला. मग सत्कार. शाल, श्रीफळ, बुके, स्मृतिचिन्ह, वर 'इकडं बघा साहेब' म्हणणारा फोटोग्राफर. एकेका सत्काराला दीड मिनिट, मान्यवर २०, अर्धा तास गेला आणि भाषण अजून एकही नाही. आणि हे कुठं, तर सातारा जिल्ह्यात! १९७५ साली, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनात मंत्री यशवंतराव चव्हाण हजर असताना अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरोधी नेते जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली होती. आता अध्यक्षही आमदारांची गाडी आली का म्हणून वळून बघतात.

साडेचारला नवोदित सुरू. दहावा कवी झाला की चिठ्ठी येते, 'आता प्रत्येकी एकच कडवं'. वाचून झालेले आपापल्या माणसांसकट उठतात. पाटण, दहिवडीकडचे एसटीसाठी स्टँड गाठतात. चाळिसावा कवी उरलेल्या दहा जणांना आणि खुर्च्या रचणाऱ्या मंडपवाल्याला कविता ऐकवतो. म्हणून सकाळीच सूत्रसंचालकाला गाठून पहिल्या दहात नाव घाला. कविता बारा ओळींची आणि पाठ हवी, संध्याकाळी स्टेजवर कागद दिसत नाही.

खरा बाजार पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकांच्या स्टॉलवर. '९६ पानी, डेमी आकार, सोळा पानांचे सहा फॉर्म, ३०० प्रती, पॅकेज बघा. आयएसबीएनचे वेगळे पडतील.' वेगळे कसले? भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो! राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही करता येतो. वितरण कोण करणार, एवढं विचारून बघा. लगेच चहा मागवतात. मग त्या ३०० प्रती येतात घरी, कॉटखाली. फुकट वाटल्या तरी शंभर उरतात, त्यांना वाळवी लागते.

आणि संपादकाच्या हातात तिथं हस्तलिखित कोंबू नका हो. त्यांच्या झोळीत आधीच सहा फायली असतात, वर पेढ्यांचा बॉक्स.

शेवटी प्रमाणपत्र. अध्यक्षांची सही छापलेली, नावाची जागा रिकामी. 'तुमचं तुम्हीच लिहून घ्या,' म्हणतात. पेनसुद्धा आपलंच.