पत्रिकेच्या नावाने एपीके

लग्नसराई सुरू झाली की रावेर-यावलकडच्या आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल हमखास येऊन पडते, आणि ती उघडू नका असे लिहीपर्यंत कोणीतरी ‘पीएम किसान यादी’ नावाची तसलीच दुसरी फाइल केळीवाल्यांच्या ग्रुपवर ढकललेली असते. अहो, पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसणारे अख्खे अॅप. ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आपण ती देऊन मोकळे होतो आणि बँकेचा ओटीपी थेट भामट्याच्या हाती पडतो. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हा बँकांचा जप इथे निरुपयोगी आहे, कारण कोणी कोणाला काही सांगितलेलेच नसते. अॅप अनोळखी ठिकाणाहून आले आहे, असा इशारा फोन स्वतः देतो. तो मात्र भरीत-पुरीच्या पंगतीचे आवतण आल्यासारखा आनंदाने स्वीकारला जातो. वर युक्तिवाद तयार, की फाइल मामांनी पाठवली आहे, मग ती खोटी कशी असेल? मामांचेच व्हॉट्सअॅप चोरांच्या ताब्यात गेले असेल, ही शंका कोणाला शिवत नाही. खाते रिकामे झाल्यावर तरी तातडीने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. पण भाऊबंदकीत हसे होईल म्हणून ही मंडळी दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत, आणि तोवर ती फाइल त्यांच्याच नावाने सोयऱ्याधायऱ्यांकडे जात राहते.