रजा लांबली म्हणून कमाई टिकत नाही

‘आईला दोन-तीन वर्षांची पगारी रजा द्या, तिच्या कमाईला धक्का लागणार नाही, युरोपकडे बघा,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. बाळंतपणानंतर काही महिन्यांची पगारी रजा हवीच, भांडण तिच्याशी नाही. बाकीचं मात्र तपासून घ्यायला हवं.

‘युरोपकडे बघा.’ कुठल्या? पहिलं मूल झाल्यावर पाच ते दहा वर्षांनी आईची कमाई वडिलांच्या तुलनेत किती मागे पडते, याचा सहा देशांचा हिशेब अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडला. डेन्मार्क सुमारे २१ टक्के; लांब रजा देणारे ऑस्ट्रिया ५१ आणि जर्मनी ६१. अमेरिकेत देशपातळीवर पगारी रजेचा कायदाच नाही, तिथे ३१.

‘रजा जितकी लांब तितकं बरं.’ ऑस्ट्रियाने १९९० मध्ये रजा एका वर्षाची दोन वर्षं केली. बायका कामावर उशिरा परतल्या, एवढंच. आई-वडिलांच्या कमाईतली दरी जिथल्या तिथे.

‘शरीर झिजतं म्हणून कमाई घटते, त्यावर विश्रांती हेच औषध.’ मला सगळ्यात खटकतं ते हे, कारण ऐकायला ते अगदी पटतं. डेन्मार्कमध्ये मूल दत्तक घेतलेल्या आयांची कमाई पाहिली गेली. ना गरोदरपण, ना बाळंतपण, ना अंगावर पाजणं. तरी काही वर्षांनी त्यांची घसरण जन्म देणाऱ्या आयांइतकीच. नॉर्वेत दोन बायकांच्या जोडप्यांमध्ये जन्म देणारीची कमाई आधी बरीच खाली येते, पण काही वर्षांत सावरते. पुरुषाबरोबर संसार करणारीची तशी सावरत नाही. बाळंतपण दोन्ही घरांत झालंय; बदलते ती घरातल्या कामांची वाटणी.

‘मग पाळणाघरं काढा, प्रश्न मिटला.’ कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरची पाळणाघरं काढली आणि आयांचा रोजगार खरंच वाढला. पण ऑस्ट्रियात पाळणाघरं वाढूनही दरी फारशी हलली नाही. म्हणजे हाही रामबाण नव्हे.

आणि जर्मनीचे ते ६१ टक्के? तिथे नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावता येतो, त्यामुळे कमी कमावणाऱ्याच्या जास्तीच्या कमाईवर कराचा बोजा जड पडतो. कमी कमावणारी बहुधा बायको. त्यात शाळा परंपरेने दुपारीच सुटणाऱ्या. रजा तीन वर्षांत संपते, शाळा पुढची कित्येक वर्षं दुपारी सुटत राहते. मुलाला घ्यायला शाळेच्या फाटकाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न बहुतेक घरांत कुणी मोठ्याने विचारतही नाही.