कर्ज तेवढंच राहिलं, पण माय मोकळी झाली

सकाळी चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुणी प्रचारक सांगतोय, उपास धरा, देव तुमचं कर्ज उतरवील. नाही उतरलं तर तुमच्या विश्वासातच खोट आहे. खाली आमेनची रांग. त्यात आपल्याच ओळखीच्या बाया, ज्यांचा कापूस भाव नाही म्हणून अजून घरात पडलाय. कर्ज आहेच, आता वरून विश्वास कमी पडल्याचा दोषही त्यांनीच डोक्यावर घ्यायचा?

मला माझी माय आठवली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमचा कापूस खाल्ला. बियाण्याला पैसे सावकाराकडून घेतलेले. गल्लीत त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की माय मागच्या खोलीत जायची आणि आम्ही पोरं दारात उभं राहून सांगायचो, माय घरी नाही. शहादा तालुक्यातल्या किती घरांत हे चालतं, तुम्हाला सांगायला नको.

एका संध्याकाळी आवाज आला आणि माय स्वतः ओट्यावर आली. म्हणाली, "मी घरमाच शे, दादा. आज पैसा नहीत. देसु, पन आज नहीत." त्यानं गल्ली गोळा होईल इतकं ऐकवलं. तिनं मान खाली घातली नाही. आत येऊन भाकरी टाकल्या आणि रात्री झोपली. कित्येक महिन्यांनी झोपली.

त्या रविवारी पाळकांनी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचला होता, सत्य माणसाला मोकळं करतं तो. माय मला म्हणाली, लेकरांच्या तोंडून खोटं वदवते आणि प्रभूकडे सुटका मागते, कसं व्हायचं?

तिचं कर्ज एका रुपयानं कमी झालं नव्हतं. सांगा त्या प्रचारकाला! बायबलात येशूचा संदेश सांगणारे पौल आणि सीला फिलिप्पै गावच्या तुरुंगात मध्यरात्री देवाची गाणी गात होते, तेव्हा पाय लाकडी खोड्यात अडकवलेले होते, पाठ फटक्यांनी सोललेली होती. भूकंप नंतर झाला. त्यानं तुरुंगाची दारं उघडल्यावरही ते पळाले नाहीत. आपल्याकडे मात्र फक्त भूकंपाचीच साक्ष देतात.

चमत्कार होत नाहीत असं मी म्हणत नाही, होतात. आणि पोरं उपाशी असताना मन मोकळं ठेव म्हणणं सोपं नाही, हेही कबूल. मायलाही सोपं गेलं नाही. पुढची दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला गेली, गुडघे सुजवून घेतले. पण मोटरसायकल वाजली की बाहेर यायची. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी अजून कुठल्या स्टेजवर पाहिलं नाही.

म्हणून ज्या मावश्यांनी आज आमेन लिहिलं त्यांच्यावर माझा राग नाही. तुमचा विश्वास कमी नाही. तुम्ही कर्जात आहात, पापात नाही. प्रार्थना करा, मीही करते. पण सावकाराकडे परवाना नसेल, किंवा त्यानं जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ चा सावकारी कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. रविवारी उपासना झाल्यावर मी मागच्या बाकावर थांबते. असतील ते कागद, चिठ्ठ्या, कोरे सही केलेले चेक दिले असतील तर ते नंबर, सगळं घेऊन या. अर्ज मी लिहून देईन.