परदेशातून: ८,६०० फुटांवरचा संडास

कुकरची शिट्टी एवढी मोठी असते हे मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. घरात एक्झॉस्ट चालू, टीव्ही चालू, कुणीतरी फोनवर, त्यात ती आपली एक. पण कॅलिफोर्नियातल्या डोंगरात, ग्रँडव्ह्यू नावाच्या कॅम्पग्राउंडला, संध्याकाळी साडेसातला, वारा पडलेला, आजूबाजूला तंबूंच्या वीसेक जागा आणि त्यातल्या निम्म्या भरलेल्या असूनही कुठून एक आवाज नाही, अशात आमच्या छोट्या कुकरने जी किंकाळी फोडली ती ऐकून नवरा उठून उभाच राहिला. बंद कर, बंद कर. मी म्हटलं, डाळ कच्ची राहील, मग खा.

कुकर आणला होता तो हौस म्हणून नाही. मागच्या खेपेला याच उंचीवर साध्या पातेल्यात तूरडाळ तासभर उकळली होती आणि तरी ती दाताखाली कचकचत होती, कारण ८,६०० फुटांवर पाणी ९१ अंशाच्या आसपासच उकळायला लागतं, तुम्ही गॅस कितीही मोठा करा. तर ते असो. दोन मिनिटांत शेजारचे एक आजोबा आले, कपाळावर लाल उजेडाची बॅटरी. त्यांना वाटलं आमचा स्टोव्ह फुटला. मी त्यांना कुकर, शिट्टी, तीन शिट्ट्यांचं गणित सगळं सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि जाता जाता म्हणाले, शिट्टीचं काही नाही, पण तुमचा तो पांढरा टॉर्च तेवढा लाल करता येईल का? अमावास्येच्या आसपासचे दिवस होते, अर्ध्या कॅम्पमध्ये लोक दुर्बिणी लावून बसले होते, आणि अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो, तो एका पांढऱ्या झोताने वाया जातो. मी टॉर्चला नवऱ्याचा लाल रुमाल गुंडाळला. शेकोटीसाठी आणलेली लाकडं गाडीतच राहिली.

जागा सांगते. कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला व्हाइट माउंटन्स म्हणून डोंगररांग आहे, इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये. आम्ही राहतो लॉस एंजेलिसला, सॅन फर्नांडो व्हॅलीत, तिथून गाडीने पाच तास धरा. बिग पाइन नावाचं छोटं गाव लागतं, तिथे टाकी फुल करायची, कारण पुढे वर काहीच नाही. दीड कळसूबाईपेक्षाही जास्त उंची, आणि वर पिन्यन पाइन आणि ज्युनिपरचं विरळ, बुटकं जंगल. पाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मनालीचे उंच सरळसोट देवदार येतात (देवदार म्हणजे पाइन नाही, मला माहितीये, पण डोळ्यांसमोर तेच येतात). हे तसलं नाही. ही झाडं आंब्याच्या कलमासारखी घेरदार, फार उंच न होणारी. आणि गंमत म्हणजे बाकी पाइनच्या सुया दोन-दोन, तीन-तीन, पाच-पाच अशा जुडीत येतात, या जातीची सुई एकटीच. बोटांत फिरवली तर गोल लागते, गोधडी शिवायच्या दाभणासारखी. हिच्या बिया म्हणजे आपल्या चिलगोज्याची चुलत बहीण.

प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणजे काय तर पाणी नाही, लाइट नाही, दुकान नाही, कचऱ्याचा डबा नाही, रिझर्वेशन नाही. आलात, जागा रिकामी असेल तर तंबू ठोका, पाकिटात पैसे घालून लोखंडी पेटीत टाका. मांडलेलं एवढंच: एक लाकडी टेबल, एक शेकोटीचं कडं, आणि थोड्या अंतरावर संडास. आणलेलं सगळं परत न्यायचं, कांद्याची सालंसुद्धा. आम्ही दोघं, दोन रात्री, घरच्या नळाचं वीस लिटर पाणी. भांडी आधी कागदाने पुसायची, मग वाटीभर पाण्यात विसळायची. आजी राखेने भांडी घासायची ते आठवलं, आणि तिला यातलं काही विशेष वाटलं नसतं हेही.

आता मुद्द्यावर येते. माझं माहेर संगमनेर, कॉलेजपासूनचा आमचा ट्रेकचा ग्रुप अजून व्हॉट्सअ‍ॅपवर जिवंत आहे, आणि जुलै २०२५ मध्ये शिवरायांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले (११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी) तेव्हापासून त्यावर एकच भांडण चालू आहे. एक गट म्हणतो, आता तरी सोयी करा, वर जायला रोपवे, राहायला खोल्या, खायला चांगलं हॉटेल, नाहीतर जग बघायला येणार कसं. दुसरा गट म्हणतो, गडांवर मुक्कामच बंद करा, पिठल्या-भाकरीच्या टपऱ्या उठवा, पवनेच्या काठी तंबू आणि डीजेने जे झालंय तेच हरिश्चंद्रगडावर व्हायला वेळ लागणार नाही. आणि मी इथून ग्रँडव्ह्यूचे फोटो टाकले की दोन्ही गट तेच फोटो उचलतात. सोयीवाले म्हणतात, बघा अमेरिकेत कशी व्यवस्था असते. बंदीवाले म्हणतात, बघा अमेरिकेत कशी शिस्त असते. आणि शेवटी कुणीतरी हमखास लिहितं, "आपल्या लोकांची लायकीच नाही."

हे वाक्य आलं की माझं डोकं फिरतं. कारण मी इथे राहते आणि इथल्या लोकांची लायकीही मला ठाऊक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इथे सरकारचं शटडाउन झालं (खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी काम ठप्प), ३५ दिवस, तेव्हा जोशुआ ट्री नॅशनल पार्कचं गेट उघडं होतं पण कर्मचारी जवळजवळ नव्हते, तर संडास तुंबले, कचरा साचला, गाड्या वाटा सोडून वाळवंटात घुसल्या, झाडंसुद्धा मोडली. ग्रँडव्ह्यूवरून अजून वर गेलं की १०,००० फुटांवर शुलमन ग्रोव्ह आहे, जगातली सगळ्यात म्हातारी झाडं, ब्रिसलकोन पाइन. तिथलं व्हिजिटर सेंटर २००८ मध्ये कुणीतरी जाळलं, मुद्दाम, आणि नवीन उघडायला २०१२ उजाडलं. तिथलंच मथुसेला नावाचं झाड ४,८०० वर्षांहून म्हातारं आहे, म्हणजे हडप्पा-मोहेंजोदडो भरात यायच्या आधी उगवलेलं, एडमंड शुलमन या संशोधकाने १९५७ मध्ये त्याचं वय मोजलं, आणि आज ते नेमकं कुठलं हे फॉरेस्टवाले सांगत नाहीत, पाटीही लावत नाहीत. का? लोक सालपट काढून नेतील म्हणून. शेजारच्या नेवाडात १९६४ मध्ये तर एवढंच म्हातारं झाड एका संशोधकाने रीतसर परवानगी घेऊन कापलं आणि मग वर्तुळं मोजली, ४,८०० च्या वर भरली. तर शिस्त वगैरे कुणाच्या रक्तात नसते. कमी गर्दी असते, दंड असतो, आणि लाल बॅटरी लावून येणारे आजोबा असतात.

आणि ती शांतताही कशी आली हे फोटोत दिसत नाही. खालच्या ओवेन्स व्हॅलीतले मूळ रहिवासी, पायूट लोक, या पिन्यनच्या बियांवर हिवाळे काढायचे, शरद ऋतूत अख्खी कुटुंबं डोंगरावर चढायची, काठ्यांनी फळं पाडायची. १८६३ मध्ये सैन्याने त्यांच्यातल्या नऊशे-हजार जणांना गोळा करून फोर्ट तेहोन या लष्करी ठाण्यापर्यंत चालवत नेलं. बरेच पळून परत आले, आजही बिग पाइनमध्ये त्यांची वस्ती आहे. पण डोंगर फॉरेस्टचा झाला. आपण ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणतो ते पुष्कळदा रिकामं केलेलं घर असतं. म्हणून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईच्या माणसाने गडावर चूल मांडली तर ती टपरी उठवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो माणूस तिथलाच आहे, आपण पुण्याहून आलोय. कासला आधी कुंपण घातलं, मग गुरं चरायची थांबली, फुलं कमी झाल्याची ओरड झाली, मग कुंपण काढलं. माणूस आणि जनावर काढून टाकलं की जागा वाचते असं सह्याद्रीत तरी सरळ गणित नाही.

पाण्याचं पण असंच, जाता जाता सांगते. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसने या ओवेन्स व्हॅलीचं पाणी २३३ मैल लांब पाट काढून पळवलं, खालचा ओवेन्स तलाव कोरडा पडला, त्याची धूळ वर्षानुवर्षं उडत राहिली. तो पाट संपतो आमच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत. म्हणजे माझ्या त्या वीस लिटरच्या कॅनमधलं काही पाणी निघालं होतं तिथूनच, मी ते गाडीत घालून माहेरपणाला आणलं होतं. शहापूरच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणारी आणि उशाला मुंबईची धरणं असलेली बाई हे ऐकून हसली असती, किंवा नसती हसली.

मग ग्रँडव्ह्यूचं घेण्यासारखं काय? माझं उत्तर ग्रुपमध्ये कुणाला आवडलेलं नाही. संडास.

त्यात पाणी नाही, फ्लश नाही. काँक्रीटची छोटी खोली, खाली जमिनीत बंद टाकी, त्यावर बैठक, आणि मागच्या बाजूने टाकीतून निघून छपराच्या वर जाणारा जाड काळा पाइप. पाइप उन्हाने तापला की आतली हवा वर चढते आणि वास खोलीत यायच्या ऐवजी वरून निघून जातो. म्हणून झाकण पाडून ठेवायचं, अशी आत चिठ्ठी. टाकी भरली की ट्रक येऊन उपसून नेतो. मी सवयीने बाटली घेऊन गेले होते, आणि खरं सांगते, मंगल कार्यालयांतल्या कितीतरी टाइल्सवाल्या संडासांपेक्षा हा स्वच्छ होता, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. आपल्याकडे एका गडाच्या पायथ्याला मी नवंकोरं शौचालय पाहिलंय, भिंतीवर गडाचं चित्र, उद्घाटनाची पाटी, दाराला कुलूप, कारण टाकीत पाणी चढवायची सोय करायची राहिली.

पुरुषांना हा विषय विनोदी वाटतो, वाटू दे. आम्ही मुली एकोणीस-वीस वर्षांच्या असताना ट्रेकच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचो. भर उन्हाचं, टोलारखिंडीतून चढताना, मुद्दाम. डोकं दुखायचं, एकीला एकदा चक्कर आली, सरांनी वीर मुलगी वगैरे म्हणून टाळ्या वाजवल्या. रोपवे हवा की नको यावर दोनशे मेसेज पडतात, आणि मी हे लिहिलं तर तिघींचे अंगठे आले, बाकी सगळं गप्प.

एक मित्र मात्र नीट भांडला, त्याचं म्हणणं सोडवत नाही. तो म्हणाला, तुमच्याकडे ट्रक वरपर्यंत जातो, इथे पाचनईपर्यंत डांबरी आहे, कोकणकड्यावर टाकी कोण उपसणार, गाढवं पाठवणार का? शिवाय बेसॉल्टमध्ये खड्डा, वर पुरातत्त्वचा नियम, आणि चार महिने ऊनच नाही तर तुझा काळा पाइप काय करणार. बरोबर आहे. इथेही हे सुटलेलं नाहीच. याच इन्यो जंगलाच्या हद्दीत दरीपलीकडे माउंट व्हिटनी आहे, तिथल्या वाटेवरचे संडास कधीच काढून टाकलेत, आता परमिटबरोबर पिशवी मिळते, आपली आपण भरून खाली आणायची. आणि लोक ती भरलेली पिशवी दगडाआड टाकून येतात, येताना उचलू म्हणून, आणि विसरतात. तिथे परमिट लॉटरीने मिळतं, हेही लक्षात घ्या.

म्हणून मी माझं म्हणणं खाली आणलंय, शब्दशः. वर काहीच बांधू नका, खोल्या नकोत, रोपवे नको, पेव्हर ब्लॉक तर नकोच नको. मुक्काम बंद करू नका, माणसं मोजा. पायथ्याच्या गावात, जिथे ट्रक पोचतो तिथे, बिनपाण्याचा संडास बांधा, आणि पाइपचं काम पावसात होत नसेल तर तिथे छोटा पंखा बसवा, आपल्याकडे इंजिनिअर काय कमी आहेत. त्याचे पैसे आणि किल्ली दोन्ही गावाकडे द्या, ठेकेदाराकडे नाही. वरच्या चुलीचं जेवण गावाचं, ताटल्या पत्रावळीच्या, आणि तुमचं कुरकुऱ्यांचं पाकीट तुमच्या सॅकमध्ये परत. (ग्रँडव्ह्यूला आमचं चिवड्याचं पाकीट हवेच्या कमी दाबाने उशीसारखं टम्म फुगलं होतं, फोडल्यावर घडी घालून बोटाएवढं झालं. परत न्यायला जड होतं कोण म्हणतं.)

डाळ मस्त शिजली होती, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी कुकर दुपारी तीनलाच लावला, बिनशिट्टीचा, वजनावर जाड फडकं धरून, आणि असं करू नये हे मला माहितीये. आजोबांना वाटीभर वरण-भात दिला. त्यांनी रात्री दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली, मी काळोखात तीनदा टेबलावर आपटले.

त्या भांडणाऱ्या मित्राचा काल मेसेज आला. गावातल्या एकाशी बोललोय, म्हणे, त्याच्याकडे रस्त्यालगत अर्धा गुंठा आहे, तुझ्या त्या अमेरिकन संडासाचा फोटो पाठव, मागून पण, पाइप दिसला पाहिजे. मी फोन उघडला. दोन रात्रींचे दोनशे चौदा फोटो आहेत. आकाशगंगेचे, झाडांचे, टम्म फुगलेल्या चिवड्याचेसुद्धा. संडासाचा एकही नाही. ऑक्टोबरमध्ये बर्फ पडायच्या आत परत जाऊन काढून आणते म्हटलंय.