किल्ली देऊ नकोस

आज एका प्रशिक्षणाला दोन तास बसून आले. डोकं अजून तापलेलंच आहे. वक्त्याने फळ्यावर ठळक अक्षरांत 'गेम थिअरी' लिहिलं आणि म्हणाला, "समोरच्याला चितपट करायचं शास्त्र!" टाळ्या. मी तिथे गप्प बसले, म्हणून आता इथे बोलतेय.

अरे बाबा, गेम थिअरी म्हणजे आपला निर्णय समोरच्याच्या निर्णयावर अवलंबून असतो तेव्हा माणसं कशी वागतात, याचा अभ्यास. थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाचं नाव कधी कानावरून गेलंय का तुझ्या? याच विषयासाठी २००५ साली रॉबर्ट ऑमनबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्याला, वयाच्या ८४व्या वर्षी. त्याचं 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' १९६० चं. नाव भांडखोर, पण आत सारखं हेच की बहुतेक भांडणांत दोघांचाही जीव एकाच दोरीला टांगलेला असतो. समोरचा पुरता बुडाला की आपणही गेलो. आणि कधीकधी जोर कशात असतो, तर आपलेच हात बांधून घेण्यात. सैन्याने मागचा पूल स्वतःच जाळला की शत्रूला कळतं, हे काही आता माघारी जात नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. मी दहा वर्षांची असेन. संध्याकाळी त्यांनी सिगारेटचं पाकीट टेबलाच्या खणात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या मुठीत ठेवली. "मी मागितली तरी देऊ नकोस." रात्री अकराला माझ्या उशाशी येऊन बसले. "आण ती किल्ली." मी दिली. सकाळी तेच बाबा माझ्यावर चिडले. दिलीस कशाला?

कोणत्या बाबांचं ऐकायचं होतं मी?

शेलिंगने नेमकं हेच विचारलं होतं. तो स्वतः सिगारेटशी झगडत होता. त्याचं म्हणणं, माणसाच्या आत दोघं राहतात, एकाला धड फुप्फुसं हवीत, दुसऱ्याला तंबाखू, आणि दोघं एकमेकांवर डाव टाकत असतात. आता यात चितपट कुणाला करणार, सांगा.

त्याचा आणखी एक प्रश्न मला फार आवडतो. न्यूयॉर्कमध्ये कुणाला भेटायचंय, पण वेळ-जागा काही ठरलेली नाही, विचारायची सोय नाही. कुठे जाल? बऱ्याच जणांनी एकच सांगितलं: ग्रँड सेंट्रल स्टेशनची चौकशी खिडकी, दुपारी १२. एकही शब्द न बोलता जमलं! हाही गेम थिअरीचाच धडा आहे, साहेब.

हो, व्हिएतनामवरच्या अमेरिकेच्या बॉम्बफेकीमागे त्याच्या विचारांचीही सावली होती, ते नाकारत नाही. पण १९७० मध्ये कंबोडियात अमेरिकी फौजा घुसल्या तेव्हा हार्वर्डच्या सहकाऱ्यांना घेऊन वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा सल्लागाराला, किसिंजरला, तोंडावर सुनावणाऱ्यांतही तोच होता. आणि नोबेलच्या भाषणात बोलला कशावर? हिरोशिमा-नागासाकीनंतर साठ वर्षं युद्धात अणुबॉम्ब पडला नाही, यावर. न घडलेल्या गोष्टीवर! टाळ्या यासाठी वाजवा की.

असो. राग उतरला जरा.

तिसऱ्या रात्री मी किल्ली आईकडे दिली. अकरा वाजता बाबा आले, मी म्हटलं, माझ्याकडे नाहीये. खरंच नव्हती, म्हणून मला रडूही आलं नाही. आईने ती कुठे ठेवली हे आजतागायत सांगितलेलं नाही. बाबांनी थोडा वेळ शोधली, मग पेचकस आणला. खणाच्या कडेला तो ओरखडा अजून आहे.