पोरानं शब्द विचारला

रात्री लाइट गेली आणि नेमका तेव्हाच आमच्या नववीतल्या पोराला गृहपाठ आठवला. "पप्पा, सेरेंडिपिटी म्हंजे काय? वाक्यात उपयोग करायचाय."

परभणीच्या उकाड्यात माणसाला काहीही विचारावं, भाववाचक नाम विचारू नये. मी ठोकून दिलं, "योगायोग."

"ते को-इन्सिडन्स झालं."

"मग नशीब."

"ते लक."

अंधारातून आई म्हणाली, "कावळा बसायला अन् फांदी तुटायला, तसलं काहीतरी आसंल."

"पण आज्जी, त्यात कावळ्याला काय भेटलं?" यावर तीही गप्प.

मोबाइल उघडला. होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रजानं 28 जानेवारी 1754च्या पत्रात हा शब्द घडवला. सेरेंदीप म्हणजे श्रीलंका. एका गोष्टीतल्या तिथल्या तीन राजपुत्रांना न शोधलेल्याच गोष्टी सापडत जायच्या. थोडं योगानं, थोडं चाणाक्षपणानं.

मला एकदम अजिंठा आठवला. 28 एप्रिल 1819ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघामागं गेला आणि त्याला लेणी दिसली! (आसपासच्या लोकांना ती ठाऊकच होती, पण त्यांना कोण विचारतो?) साहेबानं दहा नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव अन् तारीखही कोरली. सहलीच्या पोरांनी ही खोड तिथूनच उचलली असावी.

एवढ्यात मोबाइल मेला. मग ट्रंकेतली माझी कॉलेजातली डिक्शनरी काढली. बॅटरीच्या उजेडात पानं चाळतोय, तर आतून पाचशेच्या दोन नोटा पडल्या. न शोधता हजार रुपये! मी ओरडलोच, "ही बघ सेरेंडिपिटी!"

पोरानं नोट उजेडात धरली. "पप्पा, ह्या जुन्या हायत. बंद झालेल्या."

8 नोव्हेंबर 2016. त्या आठवड्यात मीच बायकोला तुरीच्या डाळीच्या डब्यातले अडीच हजार बाहेर काढायला लावले होते. वर नवरा-बायकोतल्या विश्वासावर भाषणही दिलं होतं.

"आवं," ती अगदी शांतपणे म्हणाली, "ह्या कुणापासून लपवल्या होत्या?"

उत्तर देण्यासाठी मी लाइट येण्याची वाट बघत होतो. आली नाही. पोरगं मात्र मान खाली घालून भराभरा वहीत लिहायला लागलं.

"काय लिहायलास रे?"

"वाक्य. मम्मीला डिक्शनरीत काय सापडलं ते."

"ते खोड. जॉन स्मिथचं लिही."

"ते सगळेच लिहितेत, पप्पा."