पहाटेचा रस्ता आणि न उतरलेली दारू

गेल्या वर्षी मार्च महिन्यातल्या एका रविवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास मी सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालो होतो. धायरी फाटा ओलांडून थोडा पुढे गेलो असताना मागून आलेल्या एका मोटारीने माझ्या सायकलला धडक दिली. सायकलला मागे लाल दिवा होता, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट होते, डोक्यावर हेल्मेट होते आणि मी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने जात होतो. मला आठवतो तो धडकेचा आवाज नव्हे, तर त्यानंतरची शांतता आणि त्या शांततेत मोकळेच गरगरत राहिलेले पुढचे चाक. मागच्या चाकाचा आठचा आकडा झाला होता. माझे कॉलरबोन आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. मोटार चालवणारा तिशीतला मुलगा उतरून माझ्याजवळ आला, त्याला रडू फुटले होते, आणि तो ओणवा झाला तेव्हा त्याच्या श्वासाला दारूचा वास येत होता. "काका, मी रात्रीच घेतली होती हो, आता उतरलीय," हे त्याचे पहिले वाक्य होते.

त्या वाक्याने मला वर्षभर सोडलेले नाही, आणि ही दीर्घ पोस्ट त्या एका शब्दाविषयीच आहे. आपल्याकडे दारू ‘चढते’ आणि ‘उतरते’. चढलेली दारू बोलण्यातून आणि चालण्यातून इतरांना दिसते, परंतु ती उतरली की नाही हे मात्र पिणाराच ठरवतो, आणि तो ते डोके किती जड आहे यावरून ठरवतो. शरीराचा हिशेब वेगळा असतो. यकृत साधारणपणे तासाला दर 100 मिलिलिटर रक्तामागे 15 मिलिग्रॅम या गतीने मद्यार्क काढून टाकते. माणसागणिक त्यात थोडा फरक पडतो, पण काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ किंवा दोन तासांची झोप यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. एखाद्या माणसाच्या रक्तात रात्री दीड वाजता 150 मिलिग्रॅम मद्यार्क असेल, तर पहाटे साडेपाचला त्यातले सुमारे 60 मिलिग्रॅम कमी झालेले असते आणि 90 शिल्लक असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ‘आता उतरली’ असे मनापासून मानणारा हा माणूस कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट नशेत असतो, शिवाय त्याची झोप झालेली नसते आणि समोर मोकळा रस्ता असतो.

याच वेळी रस्त्यावर सायकली असतात. आमच्यासारखे हौशी सायकलस्वार पहाटे निघतात, कारण दिवसा पुण्यातल्या रस्त्यांवर सायकल चालवण्याची सोय उरलेली नाही. मात्र आमच्यापेक्षा कितीतरी जास्त संख्येने त्या वेळी कामाच्या सायकली धावत असतात. कॅरिअरला पेपरांचे गठ्ठे बांधलेली मुले, दुधाच्या पिशव्या हँडलला अडकवून निघालेली माणसे, रात्रपाळी संपवून घरी परतणारे सुरक्षा रक्षक, बांधकामावर लवकर पोहोचणारे मजूर, हे सगळे पाच ते सात या वेळेतच रस्त्यावर असतात. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि तीस वर्षे सायकलने कामावर गेले. कारखाना सुटताना शेकडो सायकली एकदम बाहेर पडत आणि त्यांच्या घंटांनी रस्ता भरून जाई, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत ते अशा कामगारांमुळे. ते शहर गेले, परंतु सायकलवर पोट असलेला माणूस गेलेला नाही. तो फक्त अंधाराच्या वेळांमध्ये ढकलला गेला आहे.

आता आपली तपासणी कधी होते ते पाहा. बार बंद होण्याच्या वेळेच्या आसपास नाकाबंदी लागते, रात्रीच्या दोन-अडीचपर्यंत चालते आणि मग बॅरिकेड बाजूला होतात. 31 डिसेंबरला आणि गटारीला ती जास्त कडक असते. मी पोलिसांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. रात्रभर उभे राहून पिणाऱ्यांची अरेरावी सहन करणाऱ्या हवालदारांबद्दल मला आदर आहे. पण या वेळापत्रकामागे एक गृहीतक आहे की, धोका हा दारू पिऊन लगेच गाडी चालवणाऱ्याचा असतो आणि नाकाबंदी उठली की तो संपतो. प्रत्यक्षात पुष्कळ जण मित्राच्या घरी, हॉटेलच्या खोलीवर किंवा गाडीतच नाकाबंदी टळेपर्यंत थांबतात आणि मग निघतात. ज्या वेळी रस्त्यावर सर्वांत उघडी, सर्वांत कमी प्रकाशातली आणि कोणतेही कवच नसलेली माणसे असतात, त्या वेळी तपासणी करणारे कोणी नसते.

मुंबईतल्या दोन घटना या वेळेच्याच आहेत. 12 नोव्हेंबर 2006 रोजी पहाटे चारच्या सुमारास वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली आणि तिथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जणांचा मृत्यू झाला. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के मद्यार्क आढळला होता, म्हणजे 30 च्या मर्यादेसमोर 112 मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षे दिली, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली. सात जीव आणि तीन वर्षे, हे गणित मला आजही झेपत नाही. तरीही त्या खटल्यात नमुना होता, आकडा होता आणि त्यामुळे न्यायालयाला काहीतरी हाती धरता आले.

दुसरी घटना 7 जुलै 2024 ची, वरळीची. पहाटे साडेपाचच्या सुमारास एक कोळी दांपत्य ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरने घरी परतत होते. मागून आलेल्या आलिशान मोटारीने त्यांना उडवले, त्यातल्या महिलेला दूरपर्यंत फरफटत नेले आणि तिचा मृत्यू झाला. आरोपी पळून गेला आणि दोन दिवसांनंतर सापडला. आदल्या रात्री तो जुहूच्या एका बारमध्ये होता असे पोलिसांनी सांगितले, पण तासाला 15 मिलिग्रॅमचा हिशेब ज्याला कळतो त्याला हेही कळेल की दोन दिवसांनी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात सापडण्यासारखे काही उरत नाही. सायकल असो वा स्कूटर, भल्या पहाटे पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाचा पुरावा घड्याळाबरोबर विरघळत असतो.

माझ्या बाबतीतही नेमके हेच झाले. तो मुलगा पळाला नाही, हे त्याच्या बाजूने मी आवर्जून नोंदवतो. परंतु मला रुग्णालयात नेणे, पंचनामा, हद्द कोणत्या चौकीची यावरचा खल, हे सगळे होता होता त्याची श्वासचाचणी झाली ती साडेदहा वाजता. यंत्रावर आकडा आला 22. मर्यादेच्या आत असल्यामुळे कलम 185 लागले नाही आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा तेवढा गुन्हा नोंदवला गेला. पावणेपाच तासांचे साधारण 70 मिलिग्रॅम त्यात मिळवले, तर धडकेच्या क्षणी तो आकडा नव्वदच्या घरात होता, हे मी पलंगावर पडल्या पडल्या कागदावर मांडून पाहिले. कलम 203 नुसार अपघातात सापडलेल्या चालकाची संशय आल्यास श्वासचाचणी घेण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे आणि कलम 202 नुसार अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. मात्र ती मुदत अटकेपासून मोजली जाते, धडकेपासून नाही. पहिल्या गस्ती गाडीत यंत्र नसेल तर कायद्यातले शब्द जागेवर राहतात आणि रक्तातला पुरावा निघून जातो.

देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालात यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर मांडलेले आहेत आणि दारूच्या नावावर त्या मानाने फारच थोडे. मला त्या दारूच्या रकान्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण ज्याची चाचणीच वेळेत झाली नाही त्याची नोंद ‘अतिवेग’ म्हणूनच होणार. माझाही अपघात त्याच रकान्यात गेला असेल.

अर्थात नुसता वेगही पुरेसा घातक असतो. 28 फेब्रुवारी 2024 रोजी पहाटे नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर अवतार सैनी सायकल चालवत असताना मागून आलेल्या भरधाव टॅक्सीने त्यांना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. इंटेलच्या 386, 486 आणि पेंटियम प्रोसेसरांवर काम केलेला हा माणूस वयाच्या 68 व्या वर्षी मित्रांबरोबर सायकलिंगला निघाला होता. साठच्या वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर कापते, शंभरच्या वेगाने 28 मीटर. पाय ब्रेकवर जाण्यापूर्वीच तेवढे अंतर संपलेले असते, आणि दारूने मंदावलेल्या मेंदूला तो पहिला सेकंद पुरतही नाही. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रिकामा रस्ता पाहून पाय दाबणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा सायकलवर बसून करावा.

सायकलवाल्यांचीही चूक असते, हे मला मान्य आहे. उलट्या दिशेने येणारे, सिग्नल न पाळणारे, तीन-तीन जण शेजारी गप्पा मारत चालवणारे आमच्यातही आहेत, आणि मी त्यांना थांबवून बोलतो. कामाच्या सायकलींना दिवा नसतो हेही खरे. एके काळी पुण्यात बिनदिव्याच्या सायकलला आणि डबलसीटला पोलीस अडवत, म्हणून लोक डायनामो बसवत. आता ती शिस्त राहिली नाही. परंतु सायकलस्वाराच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा तो स्वतः मोजतो, तर मोटारीतल्या माणसाच्या चुकीची किंमत दुसराच मोजतो. या दोन चुका एकाच तराजूत घालणे मला अन्यायाचे वाटते.

त्या पहाटे माझ्या मदतीला सर्वांत आधी पोहोचला तो मागून सायकलवरून येणारा एक सुरक्षा रक्षक. त्याने आपला स्वेटर माझ्या डोक्याखाली दिला, माझ्या फोनवरून घरी कळवले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत माझा हात धरून बसला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ यांमुळे मदत करणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही, हे त्याला माहीत नव्हते. त्याला दुपारी दोनपर्यंत बसवून ठेवले गेले आणि संध्याकाळच्या दुसऱ्या नोकरीवर त्याचा खाडा पडला. नंतर मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही रविवारी जाता, मी रोज ह्याच वेळेला ह्याच रस्त्यानं जातो. मला लागलं असतं तर कोण आलं असतं?" मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनामूल्य उपचार देणारी केंद्राची योजना लागू आहे, हे मी त्याला कागदावर लिहून दिले. तो कागद त्याने पाकिटात घडी घालून ठेवला.

पळून जाण्याबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये निष्काळजीपणे वाहन चालवून कुणाचा मृत्यू घडवल्यावर पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम तेवढे बाजूला ठेवले गेले. जमाव मारेल ही चालकांची भीती खोटी नाही. पण त्या कलमात घटनास्थळीच उभे राहा असे म्हटलेले नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवले तरी पुरते. चालकांच्या संघटनांना हे समजावून सांगून ते कलम लागू करावे असे माझे मत आहे, कारण आज पळणाऱ्याच्या रक्तातली दारू उतरते आणि थांबणाऱ्याची मोजली जाते.

मी आणि आमच्या गटातल्या अकरा जणांनी वाहतूक शाखेला निवेदन दिले आहे. त्यात शनिवार आणि रविवारी पहाटे चार ते सात या वेळेत सिंहगड रस्ता, पौड रस्ता आणि बाणेर रस्ता यांवर श्वासचाचणीची नाकाबंदी लावावी, आणि अपघातस्थळी पहिल्यांदा पोहोचणाऱ्या प्रत्येक गस्ती गाडीत यंत्र असावे, एवढ्या दोनच मागण्या आहेत. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे कायद्यात आहेच, नवीन काही मागायची गरज नाही. आमच्या सोसायटीने रक्षकांच्या तीन सायकलींना मागचा दिवा आणि चमकपट्ट्या लावून दिल्या. खर्च एका कुटुंबाच्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी आला.

गेल्या डिसेंबरमध्ये पुतण्याच्या हळदीला गच्चीवर मुले रात्री दोनपर्यंत बसली होती. मी सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या एका डब्यात घालून कपाटात ठेवल्या आणि हॉलमध्ये गाद्या टाकल्या. सहा वाजता भाचा उठला, तोंड धुऊन चहा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, आता उतरलीय, चावी द्या." मी त्याला अकरा वाजता चावी दिली. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही.